मदत हवी आहे: जुन्या बातम्यांमधली 'मंडळी' नक्की कोण?

नमस्कार, सध्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या काळातले मराठी पेपर स्कॅन केलेल्या स्वरूपात वाचतेय (केसरी 1881 चा, ज्ञानप्रकाश त्याच्याही आधीचा, 1849 पासूनचा) आणि 'मंडळी' या एका शब्दाची नोंद करायला घेतलीय, तर तो इतक्या तऱ्हांनी येतो की वर्गवारी करताना अडायला होतंय. सभेला जमलेली माणसं ती मंडळी, 'प्रतिष्ठित मंडळी' म्हणजे गावातले वजनदार लोक, आणि किर्लोस्कर नाटक मंडळी म्हणजे तर चक्क नाटक कंपनी. बोलण्यात बायकोलाही मंडळी म्हणायचेच. खरी पंचाईत होते ती 'मंडळी मुंबईस गेली' अशा वाक्यात, कारण क्रियापद स्त्रीलिंगी एकवचनी, त्यामुळे कंपनी गेली, सोबतची माणसं गेली की घरची गेली हे मागचापुढचा मजकूर वाचल्याशिवाय कळतच नाही, आणि छोट्या बातमीत तो मजकूर नसतोच.

मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे शब्दकोश हाताशी आहेत, पण मला छापील बातम्यांमधली उदाहरणं हवीत. बायको या अर्थाने 'मंडळी' कुणाला बातमीत सापडलीय का, की तो अर्थ पत्रांपुरता आणि घरगुती बोलण्यापुरताच? पेपरचं नाव आणि तारीख दिलीत तर फार उपकार होतील.