डोक्यातल्या उवा गेल्या, आता बनियनमध्ये सापडली

मदत हवी आहे. वय 34, नागपूरच्या महाल भागात भाड्याच्या खोलीत एकटाच राहतो. गेल्या महिन्यात डोक्यात उवा झाल्या (या वयात, हो!). 1 टक्का परमेथ्रिन (उवा मारायचं औषध) 10 मिनिटं ठेवून धुतलं, नवव्या दिवशी पुन्हा लावलं, बारीक फणी चालूच. डोकं साफ झालं.

पण चार दिवसांपासून कमरेला, काखेखाली खाज. काल बनियनच्या शिवणीत एक करडी ऊ अन् चिकटलेल्या लिखा दिसल्या. जांघेत, भुवयांत काही नाही. बोटांच्या बेचक्याही स्वच्छ, म्हणजे खरूज वाटत नाही. कपडे उकळत्या पाण्यात टाकले. कापसाची गादी धुता येत नाही, उन्हात घातली आहे. स्किनच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली.

तोवर अंगालाही औषध लावायचं, की कपडे-अंथरूण सांभाळलं तरी पुरेल?