'एकटी नाचते' की 'एकटीनं नाचते'?

पारिजात: एका दिवाळी अंकासाठी स्टॉकहोमच्या रॉबिन या गायिकेच्या 'डान्सिंग ऑन माय ओन' (२०१०) या गाण्यावर लेख लिहितेय. क्लबात तिचा माणूस दुसरीबरोबर आहे, ही कोपऱ्यातून ते बघतेय आणि तरी नाचतेय. शब्द रडवेले, पण सिंथचा (इलेक्ट्रॉनिक वाद्याचा) ठोका शेवटपर्यंत थांबत नाही. शीर्षकाचा अर्थ मी 'एकटीच नाचतेय' असा दिला. संपादकांनी तो 'एकाकी नृत्य' केला. मला हे मुळीच पटत नाही. एकाकी म्हणजे ज्याला कुणीच नाही तो. हिला या घडीला जोडीदार नाही, एवढंच. काय लिहू?

भाषामित्र: संपादकांचं बरोबर आहे. छापील मराठीत 'नाचणे' उथळ वाटतं. 'एकाकी' सुंदर शब्द आहे, लोक वापरत नाहीत म्हणून तो मरू द्यायचा का?

चंद्रभागा: वारकरी नाचतात, नृत्य करत नाहीत. त्यांच्यात उथळ काय दिसलं तुम्हाला? 'नृत्य' म्हटलं की रंगमंच आला, बसवलेला कार्यक्रम आला. क्लबात लोक नाचतातच.

घाटमाथा: मुद्दा विभक्तीचा आहे. आमच्या साताऱ्याकडे 'एकटी' आणि 'एकटीनं' यांत फार फरक करतात. 'ती एकटी राहिली' म्हटलं की हळहळ. 'तिनं एकटीनं पोरं वाढवली' म्हटलं की कौतुक. माझ्या आत्याबद्दल कुणी 'एकटी होती बिचारी' म्हणालं, की आजी लगेच म्हणायची, 'एकटी नव्हती, एकटीनं केलं तिनं सगळं.' इंग्रजी शीर्षकात हे दोन्ही अर्थ आहेत. रॉबिनला तर दुसरा जास्तच लागू पडतो. मॅक्स मार्टिन या स्वीडिश संगीत-निर्मात्याबरोबर केलेल्या 'शो मी लव्ह'नं १९९७ मध्ये ती अमेरिकेत गाजली, पण पुढे मोठ्या कंपनीशी पटेना, तेव्हा २००५ चा अल्बम तिनं स्वतःच्या कोनिचिवा रेकॉर्ड्सवरून काढला. 'एकटीनं नाचतेय' लिहा.

पारिजात: पण 'एकटीनं नाचतेय' वाचताना वाटतं, की बाकीच्यांनी मदत करायला हवी होती आणि केली नाही. 'एकटीनं' पुढे काहीतरी काम लागतं.

योतेबोरी: इथे स्वीडनमध्ये हाच वाद चालतो. 'एन्सम' म्हणजे एकटा आणि 'शेल्व' म्हणजे स्वतः (हा उच्चार देवनागरीत नीट बसत नाही). लहान मुलं 'मी शेल्व करणार' म्हणतात, म्हणजे माझं मी करणार. पण आता बरेच जण 'मी शेल्व राहतो' असंही म्हणतात, म्हणजे एकटा राहतो, आणि शुद्धवाद्यांना ते खपत नाही. गाणं तिनं इंग्रजीतच लिहिलंय, पॅट्रिक बर्गरच्या जोडीनं, पण मला त्यात 'शेल्व' ऐकू येतं. मराठीत 'माझी मी नाचतेय' का नको?

चंद्रभागा: 'माझी मी' फारच छान! किंवा 'मी आपली नाचतेय'. त्या 'आपली'त सगळं येतं. कुणी बघो न बघो, मी आपली.

घाटमाथा: 'मी आपली' फार गरीब होतं. त्या ठोक्याला ते शोभत नाही.

कोपऱ्यातला: एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष गेलेलं नाही. इंग्रजी शीर्षकात नाचणारा बाई की पुरुष, हे कळत नाही. कॅलम स्कॉट या ब्रिटिश गायकानं २०१६ मध्ये हेच गाणं पियानोवर, संथ करून काढलं आणि त्या दुसरीसाठीचं 'तिला' हे सर्वनाम तसंच ठेवलं. तो समलिंगी आहे. त्यामुळे तेच शब्द एका पुरुषाचं दुसऱ्या पुरुषावरचं प्रेम सांगू लागले. मी ते रेडिओवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाडी बाजूला घेतली होती. मराठीत 'नाचते' म्हटलं की ही वाट बंद, 'नाचतो' म्हटलं की रॉबिन गेली. तुम्ही विभक्तीवर भांडताय, खरी अडचण क्रियापदात आहे. क्रियापदच काढा.

वऱ्हाडपांडे: मग 'एकल नाच' करा. लिंगाचा प्रश्नच नाही. आमच्याकडे 'एकला' बोलण्यात आहेच, गोव्यातही 'एकलो', 'एकली' म्हणतात. माझ्या मते 'एकला' हेच मूळ रूप आणि 'एकटा' मागाहून आलं.

भाषामित्र: त्याला पुरावा?

चंद्रभागा: 'एकल' नको. 'एकल महिला' हा शब्द विधवा, परित्यक्ता, अविवाहित बायकांच्या संघटनांनी विचारपूर्वक रुजवलाय. तिथे त्याला वजन आहे. दुसरीकडे 'एकल गायन', 'एकल वादन' म्हणजे कार्यक्रमपत्रिका. या गाण्यात दोन्ही बसत नाही.

वऱ्हाडपांडे: बरं, लेखात 'सिंगल'ला, म्हणजे अल्बमपासून वेगळं काढलेल्या एकाच गाण्याला, काय म्हणताय? 'एकेरी गाणं'?

पारिजात: 'सिंगल'च ठेवलंय.

भाषामित्र: ते मात्र चालणार नाही. 'सुटं गाणं' म्हणा.

योतेबोरी: 'एकेरी' बॅडमिंटनपुरतं ठीक. गाण्याला लावलं तर ते कुणाच्या तरी एकेरीवर आल्यासारखं वाटेल.

जुनी तबकडी: आपल्याकडे सिंगल होतंच की! ७८ आरपीएमच्या तबकडीवर एका बाजूला एक भावगीत, उलटलं की दुसरं. जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. 'तबकडी' म्हणा, इतका चांगला शब्द आहे.

घाटमाथा: २०१० च्या गाण्याला तबकडी? आणि बोलताना 'तबकडी' कोण म्हणायचं? सगळे 'रेकॉर्ड' म्हणायचे.

जुनी तबकडी: आमच्या घरी 'फोनोची प्लेट' म्हणत. 'प्लेट लाव' हे मी स्वतः ऐकलंय.

वऱ्हाडपांडे: प्लेट की पलेट?

पारिजात: अंक परवा छपाईला जातोय. 'माझी मी' आणि 'एकटीच' यांतलं एक तरी सांगा.

जुनी तबकडी: पलेट. आणि सुईला 'पिन' म्हणायचे.