पळणाऱ्या नायकाला अडवायचं कुणी?

खानापूरकर
प्रश्न टाळणारं पात्र केव्हा पटतं? माझ्या मते, त्याला बसणारा दणका त्याच्याच टाळाटाळीतून आला तर. अनंतमूर्तींची 'संस्कार' (१९६५) ही कादंबरी बघा. आपल्या भागात ती मूळ कन्नडातून वाचलेले पुष्कळ आहेत. ब्राह्मण्य सोडलेला नारणप्पा मेला, दहन कुणी करायचं? अग्रहाराचे, म्हणजे ब्राह्मणवस्तीचे, पंडित प्राणेशाचार्य आधी पोथ्या धुंडाळतात, मग मारुतीच्या देवळात कौलासाठी ताटकळतात. तोवर प्रेत घरात कुजतंय. ते हलल्याशिवाय अग्रहारात कुणी जेवायचं नाही. उंदीर मरून पडतायत, छपरांवर गिधाडं बसलीयत. निर्णय लांबेल तशी किंमत वाढते. नेमाड्यांच्या 'कोसला'त (१९६३) मात्र नायक पांडुरंगची धाकटी बहीण मनी देवीच्या आजारानं जाते. पांडुरंगच्या पुण्यातल्या उधळपट्टीशी तिच्या मरणाचा काय संबंध? तो आघात बाहेरून आणलेला वाटतो.

निपाणीकर
संबंध नाही, तेच तर नेमाडे दाखवतायत की! मनीचं मरण पांडुरंगला शहाणं करायला आणलेलंच नाही. त्यानंतरही तो ताळ्यावर येत नाही, परीक्षेत आपटून गावी परततो आणि तिथंही रिकामाच हिंडतो. तुमच्या नियमानं प्रत्येक पळणाऱ्याला शेवटी वळावंच लागेल. खऱ्या माणसांवर असा नियम चालत नाही. आणि आचार्यांचं म्हणाल तर नारणप्पाचं दहन त्यांच्या हातून होतच नाही. नारणप्पानं ठेवलेली चंद्री एका मुसलमान माणसाला गाठून रातोरात ते उरकते. मूळ प्रश्न ज्यानं टाळला तो रानोमाळ भटकतोय, आणि सोडवला तिनं.

चिकोडीची वाचक
निपाणीकरांनी चंद्रीचं नाव काढलं हे बरं केलं. तुम्ही दोघंही नायकाकडेच बघताय. टाळाटाळीची किंमत भरतं कोण, ते विचारा. 'वाडा चिरेबंदी' (१९८५) या नाटकात एलकुंचवारांनी हिशेब उघड मांडलाय. अंगणात ट्रॅक्टर गंजतोय, घरातले कर्ते तात्याजी गेलेत, त्यांच्या तेराव्याला हातात पैसा नाही, तरी घराण्याचा बडेजाव सोडवत नाही. सोनं मात्र राखून ठेवलेलं. त्यांची मुलगी प्रभा, तिची शिकायची इच्छा त्या घरानं मारली. शेवटी तेच सोनं घेऊन थोरल्या भास्करची मुलगी रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर पळते. इथं दणका आतूनच आला, खानापूरकरांच्या कसोटीला उतरला. पण भास्करला त्यातून काय उमगलं? जो पळाला त्याला शहाणपण येतंच, हे गृहीत धरू नका.

खानापूरकर
उमगलंच पाहिजे असं मी म्हटलं नाही, ताई. मी रचनेबद्दल बोलतोय. कादंबरी हातात घ्या आणि पात्रानं निर्णय पुढं ढकलला त्या प्रत्येक जागेवर पेन्सिलीनं खूण करा. शेजारी लिहा, त्यामुळं पुढचा प्रसंग बदलला का? आचार्य देवळात खोळंबले म्हणून परततानाच्या अंधारात चंद्री भेटली. तिच्याशी झालेला संग लपवला म्हणून बायको गेल्यावर घर सोडलं. घर सोडलं म्हणून मेळिगे गावी सुतकात पंगतीला बसले, ओळखले गेले आणि जेवणावरून उठून पळाले. एक खूण पुसली तर पुढची टिकत नाही. हाच प्रयोग 'कोसला'वर करून बघा, मधली वीस पानं काढली तरी शेवट तोच राहतो.

निपाणीकर
शेवट राहील, पांडुरंग राहणार नाही. मेस, उधारी, वडिलांशी खटके, अर्धवट सोडलेले बेत, हे थर साचत गेले म्हणूनच त्याचं गावी परतणं जड वाटतं. तुमची पेन्सिल कारण-परिणाम मोजते, साचणं मोजत नाही. दुसरं म्हणजे, 'संस्कार' संपते तेव्हा आचार्य परतीच्या गाडीत आहेत, गाव अजून काही तासांवर आहे. अग्रहारासमोर ते तोंड उघडतात का, हे अनंतमूर्तींनी लिहिलेलंच नाही.

चिकोडीची वाचक
लिहायची गरजही नव्हती. परतायचं हे त्यांचं त्यांनी ठरवलं, अर्धं काम तिथंच झालं. माझी हरकत वेगळी आहे. त्या गाडीत बसताना त्यांच्या मनात चंद्रीसाठी जागा किती उरलीय? शेवटची पानं परत वाचा आणि मग नायकाला सुटका द्या.