सायनाइड सोडलं, आता बोल्टला अ‍ॅसिड झिंक की अल्कलाइन?

कुंडईचा प्लेटर
परवा इथे एकाने ठोकून दिलं, "सायनाइड बंद करायचं तर सरळ अ‍ॅसिड क्लोराइड घाला, एफिशिअन्सी 95 टक्के, चकाकी आरशासारखी, अल्कलाइन म्हणजे वेळ घालवणं." नवख्यांसाठी, बाथ म्हणजे बोल्ट बुडवून करंटने झिंकचा थर चढवायचं द्रावण: सायनाइडचं, अ‍ॅसिड क्लोराइडचं किंवा सायनाइड नसलेलं अल्कलाइन. एफिशिअन्सी म्हणजे करंटमधला झिंक चढवण्यात खरंच लागणारा वाटा. ते वाचून गप्प बसवेना. फास्टनर म्हणजे बोल्ट-स्क्रू, सपाट पत्रा नव्हे, त्याला आटे असतात.

एम10 म्हणजे 10 मिमीचा बोल्ट घ्या, पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 1.5 मिमी, टॉलरन्स (मापातली सूट) 6जी. प्लेटिंगसाठी मोकळीक 32 मायक्रॉन. आट्याच्या दोन्ही उतारांवर थर चढतो, म्हणून पिच डायमीटर (आट्यांच्या मध्यावर मोजलेला व्यास) थराच्या चौपट वाढतो. 8 मायक्रॉनला जागा संपली! अ‍ॅसिड बाथमध्ये करंट टोकांकडे धावतो. लांब बोल्टच्या मध्यावर 8 मिळवायला गेलात की टोकाच्या आट्यांवर गो गेज (मापातल्या आट्यांवर सहज फिरायला हवा तो) अडलाच. अल्कलाइनमध्ये करंट जास्त तिथे एफिशिअन्सी आपोआप घसरते, म्हणून थर सारखा बसतो. वेळ लागतो, मान्य. पण सायनाइडची जुनी लोखंडी टाकी धुऊन तीच वापरता येते. अ‍ॅसिडला पॉलिप्रॉपिलीनची नवी टाकी लागते, तो खर्च कुणी धरलाच नाही.

वेर्णा क्यूसी
ते लिहिणारा मीच, क्यूसीत म्हणजे गुणवत्ता तपासणीत आहे, आणि गेज रोज माझ्याही हातात असतो. तुम्ही माइल्ड स्टीलच्या लांब बोल्टवर अडकलात. आमच्याकडे कार्बोनायट्राइड केलेले (कार्बन-नायट्रोजनने पृष्ठभाग कडक केलेले) सेल्फ टॅपिंग स्क्रू येतात. त्यांच्यावर अल्कलाइन बाथ झिंक धरतच नाही, नुसते बुडबुडे. एका जॉबवर्कवाल्याने अल्कलाइनचा लॉट पाठवला, डोक्यावर पुरळासारखे फोड, नख लावलं तर पापुद्रा निघाला. अख्खा लॉट परत. आणि 10.9 ग्रेडचं, म्हणजे जास्त ताकदीच्या बोल्टचं, काय? अल्कलाइनमध्ये झिंकला न लागलेला करंट हायड्रोजन काढतो, तो पोलादात शिरला की बोल्ट टाइट केल्यावर दुसऱ्या दिवशी मान तुटते.

कुंडईचा प्लेटर
फोडाचा दोष बाथवर टाकू नका. सायनाइड स्वतःच तेल-मळी काढायचं, त्यामुळे लोकांना डीग्रीझिंगमध्ये (प्लेटिंगआधी तेल काढण्यात) आळस करायची सवय लागली. तोच आळस अल्कलाइनमध्ये नेला की पापुद्रे निघणारच. आणि हायड्रोजन पिकलिंगमध्येही (गंज काढायला अ‍ॅसिडमध्ये बुडवताना) शिरतो, तिथे तुमचं अ‍ॅसिड झिंक काय वाचवणार?

शापोराचा ट्रॉलरवाला
तुमचं चालू द्या, पण माझं ऐका. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी, तेव्हाच आम्ही दुरुस्ती काढतो. म्हापशाहून पिवळे चकचकीत बोल्ट आणले. दिवाळीला तांबडे. दुकानदार म्हणतो, "झिंक आहे, पात्रांव." कसलं झिंक?

डिचोलीची केमिस्ट
दादा, ते पिवळेपण पॅसिव्हेशनचं (झिंकवर रसायनाने दिलेल्या पातळ संरक्षक थराचं), झिंकचं नव्हे. झिंक किती टिकेल ते जाडीवर, आणि जेटीवर 5-8 मायक्रॉन काहीच नाही. हॉट डिप (वितळलेल्या झिंकमध्ये बुडवलेले) घ्या, 40-50 मायक्रॉन मिळतात, मात्र नटाचे आटे त्याच मापाने मोठे पाडलेले हवेत. पाण्याला लागतं तिथे 316 स्टेनलेस.

शापोराचा ट्रॉलरवाला
316 चा भाव ठाऊक आहे का ताई? डिझेलनेच कंबर मोडलीय. एसी लॅबमध्ये बसून सांगणं सोपं.

डिचोलीची केमिस्ट
लॅबला एसी नाही आणि माझ्या माहेरीही होडी आहे, तेव्हा तो सूर नको. दरवर्षी तेच बोल्ट बदलायची मजुरी धरा, मग भाव बोला.

कुंडईचा प्लेटर
ट्रॉलरवाल्यांची तक्रार खरी आहे. बाजारात 3 मायक्रॉन चढवून वर पिवळं मारून विकतात, आणि नाव आम्हा सगळ्या प्लेटरचं जातं. 8 चा दर सांगितला की गिऱ्हाईक कोल्हापूरचा दर तोंडावर मारतं.

वेर्णा क्यूसी
जाडी मोजून न घेणारं गिऱ्हाईकही तितकंच जबाबदार. धागा मात्र बाथचा होता.

डिचोलीची केमिस्ट
मग बाथवरच बोलते. सायनाइडची टाकी आणि पिकलिंगचं अ‍ॅसिड एकाच शेडमध्ये, चुकून एकत्र आले की हायड्रोजन सायनाइड वायू, या एका कारणासाठी दोघंही योग्य वाटेवर आहात. पण अ‍ॅसिड घेणाऱ्याने अमोनियम क्लोराइडचा बाथ घेऊ नये. अमोनिया धातूंना पाण्यात धरून ठेवतो, ईटीपीत (सांडपाणी शुद्ध करायच्या यंत्रणेत) ते खाली बसत नाहीत. पोटॅशियम क्लोराइड घ्या. आणि स्लजची (तिथल्या गाळाची) पोती पावसाळ्यात उघड्यावर टाकू नका. इथे जांभा आहे, पाणी झिरपून सरळ शेजाऱ्याच्या विहिरीत जातं. हे माझं कायमचं दुखणं आहे, धागा कुठलाही असो.

वेर्णा क्यूसी
लांब बोल्टला अल्कलाइन, ठीक आहे, तेवढं सोडतो. पण 10.9 घेणार असाल तर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत 200 अंशांना बेकिंग (हायड्रोजन निघून जायला तापवणं), तेही पॅसिव्हेशनच्या आधी. नंतर तापवलं तर पॅसिव्हेशन करपतं. आणि त्याहून ताकदवान 12.9 ला दोन्ही बाथ नकोत, झिंक फ्लेक (करंटशिवाय लावायचा झिंकच्या कपच्यांचा लेप) लावा. ओव्हन आहे का तुमच्याकडे?

कुंडईचा प्लेटर
ओव्हन आहे, लॉटगणिक तापमानाची नोंदही आहे, येऊन बघा. कार्बोनायट्राइड स्क्रू मी घेतच नाही, ते तुमच्या अ‍ॅसिडलाच राहू देत. आणि शापोऱ्याच्या भावांनो, बिलावर मायक्रॉनचा आकडा लिहून मागा. लिहून देत नसेल तर दुसरं दुकान बघा.