दिग्दर्शन शिकायचंय : पुणे, संभाजीनगर, मुंबई, दिल्ली... की नाशिकच बरं?

तिसरी_घंटा :
नमस्कार मंडळी. मी नाशिकचीच. नुकतीच टीवायची परीक्षा दिली, मराठी विषय. तीन वर्षांत कॉलेजसाठी दोन एकांकिका बसवल्या, सुट्टीत एक बालनाट्य केलं आणि राज्य नाट्य स्पर्धेला एका ग्रुपमध्ये सहायक दिग्दर्शक होते. मला अभिनय करायचा नाहीये. हे आधीच सांगते, कारण "नाटकात जायचंय" म्हटलं की लोक लगेच विचारतात, कुठल्या मालिकेत?

डोक्यात चार ठिकाणं आहेत. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र, संभाजीनगरचा नाट्यशास्त्र विभाग, मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी आणि अर्थातच एनएसडी, म्हणजे दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय. बाबा प्रेसमध्ये आहेत, दोन वर्षांत रिटायर होतील. त्यांचं म्हणणं, बीएड कर आणि नाटक संध्याकाळी कर. ते चिडून म्हणत नाहीत, म्हणून जास्त अवघड जातं.

प्रश्न एवढाच की दिग्दर्शनासाठी विद्यापीठ निवडायचं कशावरून?

सातपूरकर :
निवडायचंच नाही. बाबांचं ऐक.

मी कंपनीत असताना कामगार कल्याणच्या स्पर्धेत अठरा वर्षं नाटकं केली. सेकंड शिफ्ट सुटली की तालीम. आमच्या दिग्दर्शकाकडे आयटीआयचं सर्टिफिकेट होतं, फिटर ट्रेडचं. डॉ. जब्बार पटेल कुठल्या नाट्यशाळेत गेले होते? मुलांचे डॉक्टर ते. 'घाशीराम कोतवाल' 1972 साली उभं केलं, आज पन्नास वर्षांनी लोक त्याबद्दल बोलतात. वसंत कानेटकर आपल्याच गावात कॉलेजात शिकवता शिकवता नाटकं लिहीत होते. आणि आत्ताचं उदाहरण हवं तर 'हंडाभर चांदण्या' बघ. दत्ता पाटील आणि सचिन शिंदे, दोघंही इथलेच. पाण्याच्या टँकरचं नाटक नाशकात उभं राहिलं आणि बाहेरच्यांनी नावाजलं. पदवीनं नाटक येत नाही.

काळी_विंग :
काका, तुमच्या उदाहरणांत थोडी गफलत आहे. कानेटकर लेखक. लेखकाला टेबल, कागद आणि शांत दुपार पुरते. दिग्दर्शकाला माणसं लागतात, जागा लागते आणि चुका करायला कुणाचे तरी पैसे लागतात.

जब्बार पटेलांचं म्हणाल तर पदवी नव्हती, पण शाळा होती. भालबा केळकरांची पीडीए ही नाट्यसंस्था म्हणजे शाळाच की. 'घाशीराम'ला भास्कर चंदावरकर संगीताला, कृष्णदेव मुळगुंद नृत्याला. एवढी माणसं एका तालमीच्या खोलीत असतील तर मीही म्हणेन, विद्यापीठ राहू दे. ती नसतील तर ती जिथे सापडतील तिथे जावं लागतं. विद्यापीठाचा मुख्य उपयोग मला तरी तोच वाटतो.

माझं स्वतःचं सांगतो. गंगापूर रोडला एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये आमची तालीम चालायची. खडूनं रंगमंच आखला होता. कसा आखला? दोन खांबांमध्ये मावेल तेवढा. दीड महिना त्या चौकोनात हालचाली पक्क्या केल्या. स्पर्धेच्या दिवशी गेलो तर मंच रुंदीला आमच्यापेक्षा जास्त आणि खोलीला कमी. सोफा मागे सरकवला की डावीकडची दुसरी विंग (आत-बाहेर जायची बाजूची वाट) बंद होत होती आणि पुढे घेतला की नट अंधारात. शेवटी मागेच ठेवला. दुसऱ्या प्रवेशात बायको चिडून आत जाते. ती गेली, सोफ्याच्या दांड्यात पदर अडकला, तिनं तो तोंडातला संवाद न थांबवता सोडवायचा प्रयत्न केला आणि प्रेक्षागृह हसलं. नाटक तिच्या मूल मेल्याचं होतं.

पुढे नाट्यशास्त्राला प्रवेश घेतला (कुठे ते सांगत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल). पहिल्याच आठवड्यात सरांनी काय करायला लावलं असेल? टेप घेऊन मंच मोजायचा. विंगेपासून विंगेपर्यंत, पडद्यापासून मागच्या भिंतीपर्यंत. मग आलेखाच्या कागदावर नकाशा आणि पुठ्ठ्याचं मॉडेल. काड्यापेटीचा सोफा सरकवत सगळा प्रवेश त्यात खेळवून दाखवायचा. मला तो पदर आठवला.

सातपूरकर :
टेप हार्डवेअरच्या दुकानात शंभर रुपयांना मिळते. त्यासाठी दोन वर्षं?

काळी_विंग :
टेप घरात होतीच, काका. मोजायचं सुचलं नाही.

गोदाकाठचा :
😄 दोघंही चालू राहा.

मुलीचा प्रश्न मात्र बाजूला पडतोय. @तिसरी_घंटा, एनएसडीचं तू यंदा मनात आणू नकोस. तिथे अर्जाला पदवी लागते आणि शिवाय किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो. तुझी मी मोजली, चार होतात. वयाची अट तीसपर्यंत आहे, त्यामुळे घाई नाही. देशभरातून 32 जण घेतात. पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं, नट असो की नेपथ्यकार. दिग्दर्शन-नेपथ्याची वाट दुसऱ्या वर्षापासून वेगळी होते. फी किरकोळ आणि वर दरमहा शिष्यवृत्ती, हे बाबांना जरूर सांग. डिप्लोमा असला तरी एमएच्या बरोबरीचा धरतात, हेही सांग.

तिसरी_घंटा :
अय्या, सहाची अट माहीत नव्हती. बालनाट्य धरतात ना?

गोदाकाठचा :
धरूनच चार म्हटलं. प्रयोगाची पत्रिका, बातमीची कात्रणं, प्रमाणपत्रं, सगळं जपून ठेव. आपल्याकडे पोरं करंडक कपाटात ठेवतात आणि पत्रिकेत भेळ खातात.

स्पॉटदादा :
मी लाइट्सवाला. कालिदास, साईखेडकर, तालुक्याची नाट्यगृहं, कॉलेजांचे हॉल, वीस वर्षं झाली. दिग्दर्शक दोन्ही प्रकारचे पाहिलेत, म्हणून बोलतो.

स्पर्धेतला पोरगा येतो नि सांगतो, "दादा, इथे निळा मारा." का रे? "रात्र आहे." बरं, मग इथे? "इथे पण निळा, ती दुःखी आहे." शेवटी सगळे ओळीत उभे, प्रेक्षकांकडे बोट, लाल, ब्लॅकआउट. दर वर्षी हेच. परीक्षकांना आवडतं असं कुणीतरी कधीतरी सांगितलंय, तेव्हापासून चालू आहे. सातपूरकर काका, तुमची पिढी निदान दोन-तीन अंकी करायची. आता चाळीस मिनिटांत गुंडाळायची सवय लागलीय पोरांना.

शिकून आलेला पोरगा येतो तो कागदावर प्लॉट, म्हणजे दिव्यांचा नकाशा, घेऊन येतो. बघून बरं वाटतं. पण डिमर किती, चॅनल किती, वीज किती खेचता येईल, ते विचारत नाही. पस्तीस लाइट लिहून आणतो, इथे आहेत अठरा. मग तोंड पाडून बसतो.

दोघांत मला आवडलेली एकच मुलगी. पदवी होती की नाही, विचारलंही नाही. सकाळी आठला आली, शिडी धरून उभी राहिली आणि प्रत्येक दिवा लावताना विचारत होती, हा बंद केला तर काय दिसेल? अर्ध्या दिवसात तिनं स्वतःच्या प्लॉटमधले सहा दिवे कमी केले. विद्यापीठ निवडताना हे बघ की तिथे मुलांना शिडीवर चढू देतात का. काही ठिकाणी प्रकाशयोजना फळ्यावर शिकवतात म्हणे.

ओसरी :
मला वेगळीच शंका आहे. एकविसाव्या वर्षी दिग्दर्शन शिकून मुलगी सांगणार काय? आधी दुसऱ्या कशात तरी एमए कर. इतिहास, समाजशास्त्र, हवं तर मराठीच. इंग्लंडचा मोठा दिग्दर्शक पीटर ब्रूक ऑक्सफर्डला होता, नाट्यशाळेत नव्हता. विजयाबाई मेहता इब्राहिम अल्काझी आणि आदी मर्झबान या दिग्दर्शकांकडे काम करता करता शिकल्या, नंतर 1960 ला 'रंगायन' ही नाट्यसंस्था काढली. आपल्याकडे तंत्र भरपूर झालंय, म्हणणं कमी पडतंय.

काळी_विंग :
@ओसरी, विजयाबाईंना अल्काझी मिळाले हे तुम्ही स्वतःच लिहिलंत. आणि अल्काझी? लंडनच्या 'राडा' या नाट्यशाळेत शिकून आलेले. 1962 ला एनएसडीचे संचालक झाले आणि पंधरा वर्षं राहिले. ओढूनताणून कुठेतरी शाळा येतेच.

पण तुमच्या शंकेत तथ्य आहे. माझ्या वर्गात असे दोघे होते ज्यांच्या प्रत्येक सादरीकरणात कुणीतरी दोरीत गुंतायचं. दोरी का, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

न्यू_जर्सी_व्हाया_सिडको :
परदेशाचं कुणीच लिहिलं नाही म्हणून थोडंसं. अमेरिकेत बारावीनंतर थेट दिग्दर्शन देणारी ठिकाणं कमी आहेत. कार्नेगी मेलनसारखी आहेत काही, पण महाग. बहुतेक जण आधी पदवी, चार-पाच वर्षं काम आणि मग एमएफए, म्हणजे कलेतली पदव्युत्तर पदवी, करतात. येलच्या नाट्यशाळेनं 2021 पासून फी पूर्ण माफ केली आहे, मात्र दिग्दर्शनाला मोजकीच मुलं घेतात. म्हणजे तिथेही आधी काहीतरी करून दाखवायचंच आहे. आत्ता यात वेळ घालवू नकोस, पाच वर्षांनी बघ.

मंजिरी_इंदिरानगर :
मी आई म्हणून लिहिते. माझ्या मुलानं नाट्यशास्त्रात एमए केलं. फी फार नव्हती. खर्च झाला तो राहण्या-खाण्याचा आणि बॅकपॅक घेऊन नाटकं बघत फिरण्याचा. दोन वर्षांत त्यानं स्वतः दिग्दर्शित केलेली सादरीकरणं तीन, त्यातलंही एक अर्ध्या तासाचं. बाकी वेळ दुसऱ्यांच्या नाटकात फ्लॅट, म्हणजे नेपथ्याच्या चौकटी, उचलले. तेव्हा तो कुरकुरायचा, आता म्हणतो फ्लॅट उचलतानाच शिकलो.

आता मुंबईत आहे. मालिकेवर सहायक. दिग्दर्शन शिकलेला मुलगा नटांना मेकअप रूममधून बोलावून आणतो, असं माझे दीर लग्नकार्यात सांगतात आणि लोक हसतात. मी हसत नाही. मे महिन्यात तो नाशकात मुलांचं शिबिर घेतो, त्यातून त्याचं वर्षाचं भाडं निघतं. शिवाय नेट या प्राध्यापकीच्या परीक्षेला नाट्य हा विषय आहे, ते देऊन शिकवायला जाता येतं. तुझ्या बाबांना बीएडपेक्षा हे पटेल कदाचित.

एकच सांगते. प्रवेश घेण्याआधी तिथे जाऊन ये, कार्यालयात नको, तालमीला. आम्ही एका ठिकाणी गेलो तर दुपारी तीन वाजता तालमीच्या हॉलला कुलूप होतं आणि किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर होते. मुलगा म्हणाला, आई, चल.

सातपूरकर :
मंजिरीताई, हे मात्र लाख बोललात.

तिसरी_घंटा :
सगळ्यांना एकदम उत्तर देते. मंजिरीकाकू, तुमचं वाचून गेल्या आठवड्यात पुण्याला जाऊन आले, मैत्रिणीकडे राहिले. ललित कला केंद्रात दोन दिवस नुसती बसून होते. कुणी हाकललं नाही, हे पहिलं आवडलं. एका सीनियरची तालीम बघितली. एकच एंट्री अकरा वेळा. अकराव्या वेळीही तिला आवडली नाही आणि तिथे बसलेल्या एकानंही "छान झालं" म्हटलं नाही. आमच्या ग्रुपमध्ये तिसऱ्या वेळी टाळ्या पडतात. परत येताना बसमध्ये संगमनेरपर्यंत तेच डोक्यात होतं.

संभाजीनगरला अजून जायचंय. मी ज्यांची सहायक दिग्दर्शक होते ते सर तिथलेच, ते म्हणतात तिकडे ग्रामीण भागातून येणारी मुलं जास्त असतात आणि त्यांच्याकडे गोष्टी असतात. हे ओसरींच्या मुद्द्याला उत्तर आहे का माहीत नाही. मुंबईबद्दल एकच अडचण, राहायचं कुठे. बाबा म्हणाले पंचवटी एक्सप्रेसनं ये-जा कर. त्यांना वाटतं तालीम संध्याकाळच्या पंचवटीच्या आधी संपते.

काळी_विंग :
अकरा वेळा एंट्री बघून पळून आली नाहीस, मग जा. आणि तिथल्यांना विचार की दोन वर्षांत स्वतःची किती बसवायला मिळतील, नट कोण देणार, हॉल किती दिवस मिळणार. आकडा विचार. "भरपूर" असं उत्तर आलं तर सावध हो.

सातपूरकर :
माझं मत बदललेलं नाही. पण पोरगी जाणारच असेल तर एक कर. जाण्याआधी इथे एक दोन अंकी बसव, पूर्ण. एकांकिकेच्या भरवशावर कुठेही जाऊ नकोस. दुसरा अंक उभा करता येत नाही म्हणून किती हुशार पोरं पडली ते मी बघितलंय. पहिला अंक नट ओढून नेतात, दुसरा दिग्दर्शकाला ओढावा लागतो.

गोदाकाठचा :
आणि तेवढ्यानं पाच होतील. सहाव्यासाठी बॅकस्टेज कर कुणाकडे तरी.

तिसरी_घंटा :
काका, संहिता आहे. मैत्रिणीनं लिहिलीय, दोन अंकी, आडगावच्या एका द्राक्षबागेची गोष्ट. पावसाळाभर तालीम करून राज्य नाट्यला उतरायचं ठरतंय. पुण्याची प्रवेश परीक्षाही देणार आहे. मिळालं तर शनिवार-रविवार येऊन तालमी घेईन, हे घरी अजून सांगितलेलं नाही.

तालमीला मेरीजवळ एक हॉल मिळालाय, टेपनं मोजलाय. 🙂 दोन लेव्हल (मंचावर उंची द्यायचे लाकडी चौथरे) कुणाकडे पडून आहेत का? फूटभर उंचीच्या चालतील.

स्पॉटदादा :
आहेत. एकीची फळी बदलावी लागेल. टेम्पोचं तू बघ.

सातपूरकर :
फळी मी आणतो. रविवारी किती वाजता?