मदत हवी: ट्रकमध्ये प्लगला लावायचा जेवणाचा डबा जळला, परवा गाडी दिल्लीला

तासगावची_सून
नमस्कार. कुणीतरी लवकर सांगा. परवा पहाटे आमची गाडी बेदाणा घेऊन दिल्लीला निघायचीय. ह्यांना शुगर आहे. ढाब्यावरचं तेलकट, तेही कधी दुपारी चारला तर कधी रात्री बाराला. मागच्या खेपेवरून आले तेव्हा तपासणीत तीनशेच्या वर निघाली. म्हणून गाडीतच प्लगला लावून जेवण गरम करायचा, थोडंफार शिजवायचाही, असा छोट्या ओव्हनसारखा डबा मागवला. काल लावला तर दहा मिनिटांत जळका वास आला आणि बंद पडला. दुरुस्त होईल का दुसरा घेऊ? आणि त्यात कच्चा तांदूळ शिजतो का?

कराड_ट्रान्सपोर्ट
गाडी कुठली, किती टायरची? डबा किती वॅटचा? प्लग लायटरच्या सॉकेटला लावला का इन्व्हर्टरला? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मिरजेची_अन्नपूर्णा
ओव्हन कुठलाही असो, आधी दहा मिनिटं रिकामा तापवून घ्यायचा. नानकटाईला १६० अंश, केकला १८०. माझी नानकटाई कधी बिघडत नाही, पाहिजे तर प्रमाण देते.

शिरवळ_नाका
वहिनी, कशाला त्या डब्याच्या नादी लागता? पाच किलोची टाकी आणि एक बर्नर घ्या. आमच्या वडिलांनी वीस वर्षं गाडी चालवली, पिठलं-भात रोज स्वतःचा स्वतः केला.

तासगावची_सून
दहा टायरची आहे. प्लग सिगारेट पेटवायच्या भोकातच लावला. वॅट कुठं लिहिलेले असतात? डबा खराब नव्हता हो, आदल्या दिवशी भावाच्या पिकअपला लावून बघितला होता. दीड तासात आमटी चांगली वाफाळली. टाकीचं म्हणाल तर पूर्वी किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, होता तेव्हा स्टोव्हवर करायचे. आता किन्नर मिळत नाही, हे एकटेच असतात.

वायरमन_इस्लामपूर
ताई, पिकअपचं आधी सांगायला पाहिजे होतं. सगळं त्यातच आलं. पिकअप १२ व्होल्टची असते. दहा टायरच्या गाडीत १२च्या दोन बॅटऱ्या एकीपुढं एक जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. डब्याच्या बुडाला स्टिकर असेल, त्यावर काय लिहिलंय ते बघा.

तासगावची_सून
१२ व्ही, ४५ डब्ल्यू.

वायरमन_इस्लामपूर
मग बरोबर. १२ व्होल्टवर तो डबा चार अँपिअरच्या आत ओढतो. २४ दिल्यावर करंट दुप्पट झाला आणि उष्णता चौपट, म्हणजे ४५ वॅटच्या कॉइलमधून १८० वॅट. प्लगचं टोक फिरवून उघडा, आत काचेचा छोटा फ्यूज असतो. तोच उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवीन घाला. तार गुंडाळून काम चालवू नका, गाडी पेटेल. मग पिकअपला लावून बघा. तिथंही वास आला किंवा बुडाशी प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं तर डबा सोडून द्या.

पेठ_नाका_ड्रायव्हर
एवढी भानगड कशाला? दोनपैकी एकाच बॅटरीवरून वायर काढायची, १२ व्होल्ट मिळतात. माझा टेप असाच चालतो.

वायरमन_इस्लामपूर
दादा, असं कुणाला सांगू नका. एक बॅटरी रोज जास्त रिकामी होते. चार्जिंग मात्र दोघींना एकत्रच मिळतं. त्यात एक कायम अर्धपोटी राहते आणि दुसरीला जादा चार्ज बसतो, मग वर्षभरात दोन्ही जातात. २४चे १२ करणारा रिड्यूसर मिळतो, तो लावायचा. डब्याला चार अँपिअर लागतात, पण घेताना दहाचा घ्या. स्वस्तातला माल पाटीवर लिहिलेला लोड तासन्‌तास झेपवत नाही.

पेठ_नाका_ड्रायव्हर
माझी बॅटरी तीन वर्षं झाली, ठणठणीत आहे.

वायरमन_इस्लामपूर
टेप किती ओढतो आणि डबा किती, ते एकदा मोजून बघा.

कराड_ट्रान्सपोर्ट
त्यापेक्षा मोठा इन्व्हर्टर आणि इंडक्शन शेगडी घ्या. घरच्यासारखी कुकरची शिट्टी होते.

वायरमन_इस्लामपूर
१२०० वॅटची शेगडी २४ व्होल्टवर ५० अँपिअर ओढणार, वर इन्व्हर्टरचा तोटा. इंजिन बंद असताना दोन वेळचा स्वयंपाक केला तर सकाळी गाडीला धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. डबासुद्धा गाडी चालू असतानाच लावायचा.

शिरवळ_नाका
मग टाकीच बरी की!

कोरेगावची_मावशी
टाकी बंद केबिनमध्ये पेटवू नका रे बाबांनो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. बाहेर उतरून, मोकळ्यावर पेटवली तर गोष्ट वेगळी.
तासगावकर सूनबाई, तुमचा कच्च्या तांदळाचा प्रश्न राहिलाच. माझा मुलगा असाच डबा नेतो. अर्धा लिटर गार पाण्याला उकळी आणायलाच ४५ वॅटला तास लागतो, आणि डबा गारठतो तो वेगळाच. म्हणून घरून थर्मासमध्ये उकळतं पाणी द्या. तांदूळ अर्धा तास भिजवून त्यात ते पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि पुढं तासभर उघडायचं नाही. भात मोकळा होत नाही, मऊ होतो. शुगरवाल्याला नुसता भात नकोच, मुगाची डाळ जास्त आणि तांदूळ कमी अशी खिचडी करू द्या. अख्खा मसूर घरीच शिजवून द्या, पहिल्या दिवशी तो गरम करून खातील.
आमच्याकडचा वाघ्या घेवडा मात्र डब्यात कच्चा टाकू नका. तो राजम्याच्या जातीचा. खळखळून उकळला नाही तर उलट्या-जुलाब लागतात. रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरला पूर्ण शिजवायचा आणि मगच द्यायचा.

बेदाणा_सौदे
तासगावला सौद्यात हिरव्या बेदाण्याला काय दर चाललाय सध्या?

कराड_ट्रान्सपोर्ट
बेदाण्याचा वेगळा धागा काढा. वहिनी, नवीन गाड्यांना आता एसी केबिन आलीय, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या ट्रकना सक्तीच आहे. बंद काचेत लसणाच्या फोडणीचा वास दिल्लीपर्यंत जात नाही.

तासगावची_सून
आमची जुनी आहे, काचा उघड्याच असतात. मावशी, दोन दिवसांच्या वर काय टिकेल? सगळं पहिल्याच दिवशी संपलं तर पुढं परत ढाबाच.

कोरेगावची_मावशी
ज्वारीच्या कडक भाकरी द्या, पातळ थापून तव्यावर पार वाळवलेल्या. शेंगदाण्याची चटणी, जवसाची चटणी. मुगाची डाळ भाजून, थोडा तांदूळ मिसळून, मीठ-हळद-जिरं लावून खिचडीच्या पुड्या बांधा, एका वेळेला एक. वाटेत कांदा-टोमॅटो मिळतोच. ओली भाजी दुसऱ्या दिवशी नको, उन्हात केबिन भट्टी होते. आणि गोळीची वेळ चुकवू नका म्हणावं. डबा गरम व्हायची वाट बघत गोळी घेऊन उपाशी बसायचं नाही, शुगर खाली आली तर चालत्या गाडीत चक्कर येईल. खिशात खडीसाखर असू द्या.

तासगावची_सून
फ्यूजच उडाला होता. नवीन घालून भावाच्या पिकअपला तासभर लावला, वास आला नाही. आज सांगलीतून दहा अँपिअरचा रिड्यूसर आणला, गाडीच्या वायरमनकडून फ्यूज टाकून बसवून घेतला. अकरा पुड्या बांधल्यात.

तासगावची_सून
आत्ता फोन आला. खंबाटकी उतरून शिरवळला थांबले. साताऱ्याच्या अलीकडं डबा लावला होता, मसूर हात लावू देत नाही इतका गरम झालाय म्हणाले. उद्या पहिली खिचडी. मावशी, एका पुडीला पाणी किती घालायला सांगू? तेवढं विचारायचं राहिलं.

कोरेगावची_मावशी
डाळ-तांदूळ मिळून एक वाटी असेल तर पाणी साडेतीन वाट्या. उकळतंच.