घरच्या कॉम्प्युटरवर स्पायवेअर, काढलं तरी परत येतंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो. घरी एकच डेस्कटॉप, विंडोज १०, चौथ्या पिढीचा आय-थ्री. बाबा त्यावर हुपरीच्या काही चांदी कारागिरांचे हिशेब लिहितात, त्यांचे जीएसटी रिटर्न भरतात. मशीन आमचं, पण आतली माहिती लोकांची, म्हणून जीव टांगणीला लागलाय.

क्रोममध्ये काहीही शोधलं की क्षणभर अनोळखी पत्ता दिसतो आणि भलतंच सर्च पान उघडतं. मेनूच्या तळाशी 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' असं येतं. घरच्या कॉम्प्युटरला कुठली आली ऑर्गनायझेशन? एका एक्स्टेंशनला रिमूव्हचं बटणच नाही. पीडीएफ जोडायचं एक फुकट सॉफ्टवेअर टाकल्यापासून हे सुरू झालंय.

विंडोजच्याच डिफेंडर अँटीव्हायरसच्या फुल स्कॅनमध्ये काही निघालं नाही. ॲडवक्लीनर या सफाईच्या टूलने क्रोमची पॉलिसी (बाहेरून लादलेली सेटिंग) आणि एक्स्टेंशन दोन्ही काढलं, पण रीस्टार्ट केल्यावर दोन्ही परत हजर. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. तो विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो, त्यामुळे लपून बसलेलंही सापडू शकतं. त्यात एक ट्रोजन, म्हणजे साध्या प्रोग्रॅमच्या सोंगात आत शिरणारा मालवेअर, निघाला. लगेच नेटची केबल काढली. टास्क शेड्युलर (विंडोजमध्ये कामं आपोआप चालवणारी सोय) उघडला तर लॉगिन झालं की ॲपडेटा फोल्डरमधली पॉवरशेल स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञांची फाइल, चालवणारा एक टास्क दिसला. नाव अगदी विंडोज अपडेटचं वाटावं असं. तो डिसेबल केलाय, डिलीट नाही, कारण अजून कुठे काय आहे ते कळायचंय.

बँक, मेल, जीएसटी पोर्टल, सगळे पासवर्ड मोबाइलवरून बदलले आणि मेल सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट केला. हे दुसरं काम कुणी विसरू नका. ब्राउझरच्या कुकी चोरीला गेल्या असतील तर पासवर्ड न टाकताही खातं उघडता येतं. पैसे गेलेले नाहीत. तसं काही दिसलं तर लगेच १९३० ला फोन करायचा, हे बाबांना सांगून ठेवलंय.

दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारून टाका. ट्रोजन निघालाय म्हटल्यावर मलाही तेच पटतं, अडलंय ते टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या डेटावर. लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करून (म्हणजे आतलं विंडोज सुरूच न करता) फक्त टॅलीचा डेटा, एक्सेल आणि फोटो उचलले, एकही सेटअप फाइल घेतली नाही, तर पुरेसं आहे का? एक्सेलमध्ये मॅक्रो (फाइलमध्येच लिहिलेले छोटे प्रोग्रॅम) आहेत, त्यांचं काय करावं? दुसरं, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ ला चालणाऱ्यांच्या यादीत नाही. म्हणजे फॉरमॅटनंतर पुन्हा १० च टाकायचं, की हिशेबासाठी दुसरं मशीन घ्यावंच लागेल? खर्च करायची तयारी आहे, पण गरज असेल तरच.

कारागिरांना आत्ताच कळवावं असं माझं मत आहे. त्यांनीही आपापले पासवर्ड वेळेत बदललेले बरे. बाबा म्हणतात, आधी नक्की काय गेलं ते कळू दे. तुमच्यापैकी कुणी लोकांचे हिशेब सांभाळत असाल तर यावर जरूर लिहा. जीएसटीच्या ३बी रिटर्नची तारीख २० आहे, त्याआधी काहीतरी ठरवायला हवं.

ऑटोरन्स (विंडोजबरोबर आपोआप काय काय सुरू होतं ते दाखवणारं टूल) पेनड्राइव्हवरून चालवून यादी काढू शकतो. कुठल्या टॅबचे फोटो हवेत ते सांगा, आज रात्रीच टाकतो.